उंबऱ्यावरची सलग रेघ

रविवार, ३० मार्च २०२५. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी शकुंतलाबाई केतकरांनी मागच्या घराचा उंबरा धुतला.

पाडवा होता. पुढच्या घराची, म्हणजे लेकीच्या घराची, गुढी उभारून झाली होती. काठी म्हणून जावयाने पडद्याचा दांडा काढून दिला होता, आणि वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआच्या वाऱ्यात ती गुढी खिडकीला चार ठिकाणी बांधावी लागली होती. लेक संपदाने आणि जावई शंतनूने दोन वर्षांपूर्वी पोरिरुआच्या उत्तरेला, खाडीच्या वरच्या उतारावर ही जागा घेतली, तेव्हा तिच्याबरोबर मागचं दगडी घरही आलं. दोन खोल्या, हातभर जाडीच्या भिंती, बुटकं दार. १८६४ मध्ये वेल्समधून आलेल्या एका जोडप्याने ते बांधलं होतं. ते पाडता येत नव्हतं, रंगवता येत नव्हतं, त्यात राहताही येत नव्हतं. नगरपालिकेच्या वारसा यादीत त्याचा क्रमांक होता.

शकुंतलाबाईंना यादीशी देणंघेणं नव्हतं. पाडव्याच्या दिवशी आवारातल्या एका दाराला रांगोळी आणि दुसऱ्याचा उंबरा कळकट, हे त्यांना पाहवेना. बादली आणि ब्रश घेऊन त्या मागे गेल्या. त्यांचे यजमान गोविंदराव तिथल्या बाकावर बसून बघत होते.

"शकू, परक्याच्या दारात झाडलोट? नेमणूक झाली का तुझी?"

"तुम्ही स्वेटरची बटणं नीट लावा आधी."

उंबरा म्हणजे काळ्या पाटीच्या दगडाचा एक लांब तुकडा होता. त्यावर पांढऱ्या वेलांट्या होत्या, खडूने काढल्यासारख्या. आसपासच्या पोरांचा उद्योग, असं म्हणून त्यांनी ब्रश फिरवला. रेघा लगेच गेल्या. दगडावरचं शेवाळ मात्र घासूनही निघेना. इतकं जुनं शेवाळ आणि इतक्या ताज्या रेघा एका दगडावर कशा, हे तेव्हा त्यांच्या मनात आलं नाही.

मग त्यांनी डबी उघडली. साताऱ्याहून आणलेली पांढरी रांगोळी. ऑकलंडच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने त्यात बोट घालून विचारलं होतं, "स्टोन?" त्या म्हणाल्या, "स्टोन." "फॉर ईटिंग?" "फॉर डोअर." त्याने डबी परत दिली होती. त्या डबीतून त्यांनी पाच ठिपक्यांचं कमळ काढलं आणि गोविंदरावांना हाताला धरून पुढच्या घरी नेलं.

*

गुरुवारी, ३ एप्रिलला, वारसा विभागातून पाहणीला माणूस आला. माणूस म्हणजे नीलांबरी, पुण्यात वास्तुरचना शिकलेली, सहा वर्षं इथे नोकरीला. दारात मराठी ऐकून शकुंतलाबाई खूश झाल्या आणि चहाला आधण ठेवायला निघाल्या. नीलांबरी मागे जाऊन आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

"काकू, उंबऱ्यावरचं कुणी पुसलं?"

"मी. का गं?"

"ते पुसायचं नव्हतं."

तिने टॅबलेटवर कागद उघडला. यादीतल्या नोंदीचं पान चौदा. 'संरक्षित घटक: दगडी भिंती, चूल, धुराडं, उंबऱ्याचा दगड, उंबऱ्यावरील खुणा.' शंतनू त्या दिवशी घरून काम करत होता. त्याने डोकं खाजवलं. घर घेताना त्याने पहिली तीन पानं वाचली होती.

"खडूच्या रेघा संरक्षित? हीप्स ऑफ, ढिगानं पावसाळे गेले असतील त्यांच्यावरून," तो म्हणाला.

"म्हणूनच नोंद घेतलीय," नीलांबरी म्हणाली. "१९३१ पासून त्या घरात कुणी राहत नाही. तरी प्रत्येक फोटोत त्या आहेत. १९२६, १९५८, १९७४, १९९१, २०१९. ५८ साली एका पाहणीवाल्याने मुद्दाम पुसल्या. पाच दिवसांनी परत दिसल्या. पोरंबिरं काढत असतील, नाहीतर कुणीतरी शेजारी हौस म्हणून. कोण काढतं ते कुणी पाहिलेलं नाही, एवढं खरं."

"कशासाठी काढायचे पण?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

चहा निवत होता. नीलांबरीने सांगितलं ते असं. ओवेन प्रिचर्ड आणि त्याची बायको मार्गेड. तो पाटीच्या खाणीत काम केलेला. उंबऱ्याचा दगड त्यांनी गावाकडच्या घराचा काढून जहाजातून आणला. वेल्समध्ये बायका उंबऱ्यावर खडूने अशी नक्षी काढत, शनिवारच्या शनिवार. रेघ सलग हवी, कुठे तुटता कामा नये. वाईट काही आत येऊ नये म्हणून.

"म्हणजे रांगोळीच की!"

"जवळजवळ. पण मार्गेडने ती दुसऱ्याच कामाला लावली. १८७२ साली ओवेनच्या डोक्यात झाड पडलं. जगला, पण भान गेलं. उठायचा आणि चालू लागायचा. दोनदा त्याला खाडीच्या चिखलातून काढून आणलं. मग तिने ती रेघ त्याच्यासाठी काढायला सुरुवात केली. एका शेजाऱ्याचं पत्र आहे. ओवेन रेघेपाशी उभा राहून रडतो, पण ओलांडत नाही."

शकुंतलाबाईंनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. गोविंदराव खुर्चीत बसून रिमोटच्या पाठीवर बोटाने काहीतरी लिहीत होते. एस.टी.च्या सातारा आगारात एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक. गेल्या वर्षापासून, विस्मरणाचा आजार जडल्यापासून, त्यांना रोज सकाळी ड्युटीवर जायचं असे.

"पुढे?"

"१८८१ मध्ये मार्गेड बाजाराच्या वाटेवर गेली. हृदय बंद पडलं असावं. तिकडेच तिला पुरलं. ओवेनची आठवण कुणाला झाली नाही. अकरा दिवसांनी लोक आले तेव्हा दार सताड उघडं होतं. तो रेघेच्या आत पडला होता, उपासमारीने. बाहेरच्या बाकावर बटाट्यांचं पोतं होतं. चार पावलांवर. चौकशीच्या कागदात अंतर लिहिलंय."

मग शकुंतलाबाई म्हणाल्या, "फोटो दाखव बघू."

त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बोटांनी चित्र मोठं करून पाहिलं. एकात एक अडकवलेल्या वेलांट्या, दगडाच्या तिन्ही कडांनी गेलेल्या. हात चांगला होता. साठ वर्षं रोज रांगोळी काढणाऱ्या बाईला दुसरीचा हात ओळखता येतो, तसा त्यांना तो कळला.

"ही आत बसून काढलीय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अगं, काढणारी मागे मागे सरकते. रेघ सुरू होते तिथे जाड असते आणि सुटते तिथे बारीक. शेवटचं टोक आपल्या अंगाशी येतं. इथे सगळी टोकं घराच्या बाजूला आलीत. आणि हे शेवटचं तर दाराखाली गेलंय."

नीलांबरीने टॅबलेट स्वतःकडे फिरवला. "हा फोटो ७४चा आहे. १९४९ ते २०२० दार बाहेरून खिळे ठोकून बंद होतं, काकू."

"मग उलटा छापला असेल," शंतनू म्हणाला.

"असेल," नीलांबरी म्हणाली. पण तिने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. जाताना तिने बजावलं की उंबऱ्याला आता हात लावायचा नाही, आपली रांगोळीही काढायची नाही. आपण दर आठवड्याला येऊन बघू, असंही ती म्हणाली. शकुंतलाबाईंनी तिच्याकडून तो फोटो व्हॉट्सअॅपवर मागून घेतला.

*

मंगळवारी, ८ एप्रिलला, सकाळी सहा चाळीसला गोविंदराव घरातून गेले. शकुंतलाबाई अंघोळीला गेल्या होत्या. बाहेर आल्या तर पुढचं दार उघडं आणि खुंटीवरची छत्री गायब.

चार तासांनी पोलिसांना ते खाडीच्या कडेला सापडले. ओहोटी होती. चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभे राहून ते छत्रीने पाण्यापलीकडच्या गाड्यांना हात दाखवत होते. पायांतल्या जांदल्सपैकी, म्हणजे रबरी चपलांपैकी, एकच उरली होती. पोलिसाने "किया ओरा" म्हणत नमस्कार केला, तर त्याला म्हणाले, "स्वारगेट जादा गाडी कोणत्या फलाटावर?"

संध्याकाळी संपदा फार्मसीतून आली ती रडतच. रडून झाल्यावर तिचा आवाज औषधाचा डोस समजावून सांगताना होतो तसा सपाट झाला.

"आई, पाणी भरतीचं असतं तर? मी दिवसभर कामावर, शंतनू वेलिंग्टनला. तू एकटी. मी पुण्यातल्या त्या संस्थेशी बोललेय. बंद वॉर्ड आहे, चोवीस तास माणसं. २३ मेला तुम्ही निघणारच आहात. बाबांना विमानतळावरून सरळ तिकडेच न्यायचं."

"आणि मी?"

"तू साताऱ्याला. नाहीतर तूही तिथे जवळपास..."

"बावन्न वर्षं झाली आमच्या लग्नाला. त्यांना मी नाही दिसले तर ते जेवत नाहीत."

"दिसतेस तरी कुठे आता! काल मला म्हणाले, त्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असतात त्या बाई कोण?"

हे वर्मी लागलं. शकुंतलाबाईंनी दाराला वरून कडी बसवायचं सुचवलं.

"नाही हं," संपदा म्हणाली. "माणूस घरात कोंडून ठेवायचा नाही. आग लागली तर?"

शेवटी तोड निघाली. २३ मेपर्यंत बाबा एकदाही बाहेर गेले नाहीत, तर दोघं साताऱ्याला जातील. एकदा जरी गेले, तरी संस्था. संपदाने हे म्हटलं तेव्हा तिने आईकडे पाहिलं नाही.

शनिवारी, १२ एप्रिलला, लेक आणि जावई ऑकलंडमधल्या सँडरिंगहॅमला राहणाऱ्या मित्राकडे गेले होते. शकुंतलाबाईंनी मोबाइल फरशीवर उभा केला, फोटो उघडला आणि पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर त्या वेलांट्या काढल्या. सलग, तिन्ही कडांनी. गोविंदराव आत होते, म्हणून त्याही आतच बसल्या. काढता काढता मागे सरकल्या. शेवटचं टोक त्यांच्या गुडघ्याशी आलं. पहिल्यांदा काढत होत्या, पण हात कुठे अडला नाही.

सव्वानऊला गोविंदराव छत्री घेऊन आले. दार उघडं होतं. उंबऱ्यापाशी ते थांबले, एस.टी. फाटकाशी थांबावी तसे. खाली पाहिलं.

"निघायचं नाही का?" शकुंतलाबाईंनी मुद्दाम विचारलं.

"कशी निघणार? कंट्रोलरची सही नाही."

ते वळले आणि खुर्चीत जाऊन बसले.

पुढचे चार आठवडे गेल्या वर्षभरातले सगळ्यात सुखाचे. शकुंतलाबाई रोज दार उघडं टाकून कपडे वाळत घालत, फोनवर बोलत, दुपारी तासभर झोपत. शनिवारच्या शनिवार रेघ नव्याने काढत. शंतनू म्हणाला, "आई, हे तर स्वीट अॅज, एकदम झकास! पेटंट घ्या." संपदाने आईला मिठी मारली आणि संस्थेला फोन करून कळवलं की तूर्त जागा नको.

एकच गोष्ट शकुंतलाबाईंनी कुणाला सांगितली नाही. गोविंदराव दिवसातून बराच वेळ रेघेच्या आत उभे राहू लागले होते. कधी कधी त्यांचे डोळे वाहत. विचारलं तर म्हणत, "यायची आहे ती अजून. बाजाराला गेलीय."

"कोण?"

"मला काय विचारता? तुमच्याच घरातली आहे."

*

शनिवार, १० मे. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी स्मोक अलार्म वाजला.

लेक-जावई बाहेर गेले होते आणि शकुंतलाबाई कपड्यांच्या दोरीपाशी होत्या. धावत पुढे आल्या. टोस्टरमध्ये पाव अडकून जळत होता आणि काळा धूर बोळातून दाराकडे येत होता. गोविंदराव रेघेच्या आत उभे होते. खोकत होते. दार सताड उघडं होतं, बाहेर ऊन पडलं होतं, आणि ते दोन्ही हात शकुंतलाबाईंकडे पसरून उभे होते.

"या ना! बाहेर या!"

"येता येत नाही गं, शकू," ते म्हणाले. पाडव्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी बायकोचं नाव घेतलं होतं.

शकुंतलाबाईंनी हात धरून ओढलं. अठ्ठावन्न किलोचा माणूस. तो तसूभर हलला नाही. शेवटी तोंडाला पदर लावून त्या आत गेल्या, टोस्टरची वायर उपटली, खिडक्या उघडल्या. अलार्म बंद व्हायला सहा मिनिटं लागली. तेवढा वेळ ते तिथेच खोकत उभे होते.

दाराबाहेरच्या बाकावर शकुंतलाबाईंनी मघाशी ठेवलेली टोपली होती. तिच्यात बटाटे होते. त्यांनी दारापासून बाकापर्यंतची पावलं मोजली. मोजायची नव्हती, पण मोजली गेली.

मग त्यांनी ओलं फडकं आणलं आणि रेघ पुसली. नुसती पुसली नाही, साबण लावून तीनदा धुतली. "चला," त्या म्हणाल्या, "आता नाही काही. चला." गोविंदरावांनी स्वच्छ उंबऱ्याकडे पाहिलं आणि नकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात चाळीसला शकुंतलाबाईंनी दार उघडलं. रेघ होती. सलग, तिन्ही कडांनी, टोकं आतल्या बाजूला.

त्यांनी आधी गोविंदरावांचे हात पाहिले. चिमटीत, नखांत, कुठेच पांढरं नव्हतं. डबी फडताळात होती. आदल्या दिवशी रेघ पुसल्यावर त्यांनी तिच्यावर चिकटपट्टी लावली होती. ती तशीच होती. त्यांनी संपदाला उठवलं आणि सगळं सांगितलं, फोटो मागून घेतला तिथपासून. संपदाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तूच काढली असशील. झोपेत. दमलीयस तू." शकुंतलाबाईंनाही ते खरं वाटावंसं वाटत होतं. त्या रात्री संपदा आईच्या खोलीत झोपली आणि दाराला खुर्ची लावली.

सोमवारी रेघ होती. शंतनूने ती बागेच्या नळीने धुतली. मंगळवारी होती. मंगळवारी त्याने बाबांना मागच्या दाराने न्यायचं ठरवलं. मागचं दार उघडलं तर तिथेही होती. गॅरेजचं दार वर गेलं, तर सिमेंटवर, दाराच्या रुंदीएवढी. शंतनूने त्यानंतर पेटंटचा विनोद केला नाही. त्याने सासऱ्यांना कमरेला धरून उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा ते असे ओरडले की समोरची बाई विचारायला आली. डॉक्टर घरी येऊन गेला. पाय ठीक आहेत, तो म्हणाला. या आजारात काळा पट्टा किंवा रेघ ओलांडायची भीती बसते, नवीन नाही. विमानासाठी त्याने गुंगीची गोळी लिहून दिली. रेघ कोण काढतं, हे त्याने विचारलं नाही.

गुरुवारी, १५ मेला, नीलांबरी मागच्या घराची नेहमीची पाहणी करून गेली. पुढच्या दारी ती आली नाही, घाईत होती. शुक्रवारी तिची ईमेल आली. संपदाने ती आईला वाचून दाखवली.

मागच्या घराचा उंबरा ३० मार्चपासून कोरा आहे. सेहेचाळीस दिवस. पाडव्याचं कमळ वाऱ्याने गेलं, त्यानंतर दगडावर काहीही उमटलेलं नाही. नोंदी सुरू झाल्यापासून असं झालेलं नाही. पान चौदावरचा तो घटक नष्ट झाला असं धरून यादीतून वगळायचा, की स्थलांतरित म्हणून नोंदवायचा, यावर विभागात चर्चा चालू आहे. घरच्यांना काही माहिती असल्यास कळवावं. काकांना नमस्कार.

"कळवू का?" संपदाने विचारलं.

"फोटो काढून पाठव," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आणि त्या बाईचं पुरलेलं ठिकाण कुठे आहे ते विचार."

उत्तर रविवारी आलं. ठिकाण नोंदीत नाही.

सोमवारी, १९ मेला, सकाळी सात चाळीसला शकुंतलाबाईंनी गोविंदरावांना बूट घातले, कोट घातला आणि हातात छत्री दिली. अर्धी गोळी दिली होती. शंतनू गाडी दारापर्यंत मागे घेऊन इंजिन चालू ठेवून बसला होता. त्या स्वतः उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. रेघ त्यांनी दहाच मिनिटांपूर्वी पुसली होती. उंबरा अजून ओला होता.

"मी आलेय बाजारातून," त्या म्हणाल्या. "चला आता."

गोविंदरावांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग मागे वळून दगडी घराच्या दिशेने पाहिलं.

"तुम्ही नाही," ते म्हणाले.

विमान शुक्रवारी सकाळी सव्वाअकराला आहे. व्हिसा त्यापुढच्या सोमवारपर्यंत आहे. संपदाने संस्थेला पुन्हा फोन केला. जागा आहे, पण पेशंट तिथपर्यंत आणणं घरच्यांकडे. त्याच दिवशी दुपारी चार वाजता शकुंतलाबाईंनी उंबरा पाहिला, तेव्हा तो वाळला होता आणि रेघ पूर्ण होती. गोविंदराव बूट घालून तिच्या आत उभे होते.